ठाणे-डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये कॉकर स्पॅनियल: घेण्याआधी आणि घेतल्यावर

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, पलावात, कल्याणच्या खडकपाड्यात किंवा डोंबिवली पूर्वेच्या जुन्या चार मजली इमारतीत कुत्रं पाळायचं ठरतं, तेव्हा अपेक्षा साधारण एकच असते: आकाराने लहान, दिसायला गोड, मुलांशी खेळणारं. शोध बऱ्याचदा कॉकर स्पॅनियलपाशी येऊन थांबतो. लांब कान, रेशमी केस, सतत हलणारी शेपटी आणि काळजाला हात घालणारे डोळे पाहिले की पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात. ते आधीच विचारले जावेत म्हणून हा लेख.

कोणता स्पॅनियल?

आपल्याकडे सर्रास 'कॉकर' म्हणून मिळतो तो इंग्लिश कॉकर. पूर्ण वाढलेला कुत्रा खांद्यापाशी सुमारे ३८ ते ४१ सेंटिमीटर उंच आणि १३ ते साडेचौदा किलो वजनाचा असतो. म्हणजे मांडीवर मावणारं पिल्लू वर्षभरात पट्टा ओढून आजोबांना जिन्यावर अडखळायला लावण्याइतकं दणकट होतं. अमेरिकन कॉकर थोडा बुटका, गोल डोक्याचा आणि जास्त केसाळ असतो. दोघांचा मूळ धंदा शिकारीचा. झुडपात नाक खुपसून वुडकॉक नावाचे पक्षी उठवायचे, हे त्यांचं काम होतं. ते नाक आजही कामाचं आहे, म्हणून तर सीआयएसएफच्या श्वानपथकांत कॉकर स्फोटकं हुंगताना दिसतात. सोफ्यावर दिवसभर पडून राहण्यासाठी ही जात घडवलेली नाही.

खरोखर मांडीवर बसणारा स्पॅनियल म्हणजे कॅव्हेलियर किंग चार्ल्स. वजन जेमतेम साडेपाच ते आठ किलो, स्वभाव लोण्यासारखा. आपल्याकडे तो क्वचित मिळतो आणि महाग असतो. तरीही मी तो घ्यायला सुचवणार नाही. या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार इतका पसरलेला आहे की दहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांना तो गाठतोच. कवटी लहान आणि मेंदू त्या मानाने मोठा, त्यातून येणारं मज्जारज्जूचं दुखणं वेगळंच. नॉर्वेत ओस्लोच्या न्यायालयाने २०२२ मध्ये प्राणी कल्याण कायद्याचा आधार घेऊन कॅव्हेलियरच्या पैदाशीला मनाई केली आणि अपिलातही ती टिकली. जन्मतःच दुखणं घेऊन येणारं पिल्लू हौसेसाठी मागवणं मला पटत नाही.

आधी घराचं घड्याळ पाहा

जागा किती मोठी, हा प्रश्न लोक आधी विचारतात. कॉकरच्या बाबतीत तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, घर किती वेळ रिकामं असतं? डोंबिवलीहून सीएसएमटीला नोकरीला जाणारा माणूस सकाळची फास्ट पकडायला निघतो तो दिवेलागणीनंतरच परततो. नवराबायको दोघंही असेच जात असतील आणि मुलं शाळा-क्लासला, तर दारामागे उरलेल्या कुत्र्याचे दहा-अकरा तास एकट्याने जातात. माणसाच्या मागेमागे फिरणं हा स्पॅनियलचा पिंड आहे. एकटेपणाने तो भुंकतो, दार खरवडतो, उशा फाडतो, स्वतःचे पंजे चाटून चाटून लाल करतो. मग शेजारी तक्रार करतात आणि घरचे म्हणतात, "फार हायपर आहे." तो हायपर नसतो, कंटाळलेला आणि घाबरलेला असतो.

ज्या घरात आजी-आजोबा आहेत, कुणी घरून काम करतं किंवा दुपारी नेमाने येणारं भरवशाचं माणूस आहे, तिथे कॉकर सुखात राहतो. वन बीएचकेमध्येही राहतो. मात्र दिवसातून दोनदा मिळून तासाभराचं फिरणं त्याला लागतंच, आणि ते नुसतं पाय मोकळे करणारं नको. त्याला थांबून हुंगू द्या. पावसामुळे बाहेर जाता आलं नाही तर जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याच्याच जेवणातले दाणे लपवा आणि शोधायला लावा. पंधरा मिनिटं नाक चाललं की तो चांगला दमतो.

ठाण्यात राहणाऱ्यांसाठी एक इशारा. उपवनपर्यंत जरूर जा, पण येऊरच्या जंगलाच्या कडेला, तेही अंधार पडताना, कुत्र्याला नेऊ नका. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि कुत्रं हे तिथल्या बिबट्यांचं नेहमीचं भक्ष्य आहे.

पिल्लू कुठून आणि कसं घ्यावं

१९९४ नंतर 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीमुळे पांढरे स्पिट्झ घरोघरी आले, २००३ नंतर हच मोबाइलच्या जाहिरातीमुळे पग आले. मागणी अचानक वाढली की पैदास करणारे मादीला विश्रांती देत नाहीत, जवळच्या नात्यात जोड्या लावतात, आणि त्याचे भोग पिल्लांच्या वाट्याला येतात. म्हणून फोनवर फोटो पाहून, आगाऊ पैसे पाठवून पिल्लू मागवू नका.

श्वानपैदास आणि विक्रीबाबतचे केंद्राचे नियम २०१७ पासून लागू आहेत. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मादी अठरा महिन्यांची होण्याआधी तिची वीण करता येत नाही आणि तिच्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत. तेव्हा नोंदणीचा कागद मागा आणि पिल्लाची आई पाहायचीच असा आग्रह धरा. 'आई गावाला आहे' असं उत्तर मिळालं तर तिथून निघा. आई अंगावर येणारी किंवा कोपऱ्यात थरथरणारी असेल तर पिल्लाच्या स्वभावाचा अंदाज तिथेच येतो. केनेल क्लब ऑफ इंडियाचे 'पेपर' वंशावळ सांगतात, तब्येत सांगत नाहीत. विक्रेता 'विथ पेपर' म्हणून भाव वाढवतो तेव्हा हे लक्षात असू द्या. त्यापेक्षा आईवडिलांच्या डोळ्यांची आणि मूत्रपिंडांची तपासणी झाली आहे का, हे विचारा. कॉकरमध्ये दृष्टिपटल हळूहळू निकामी होण्याचा आणि तरुणपणीच मूत्रपिंडं खराब होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो.

रंगाबद्दलही थोडं. सोनेरी पिल्लाला सगळ्यात जास्त मागणी असते. पण एकरंगी, त्यातही सोनेरी कॉकरमध्ये ताट, खेळणं किंवा जागा राखून गुरगुरण्याचं प्रमाण दुरंगी कॉकरपेक्षा जास्त आढळलेलं आहे. घरात लहान मूल असेल तर काळा-पांढरा किंवा ठिपक्यांचा पाहा, आणि पहिल्या आठवड्यापासून हातातली वस्तू आनंदाने सोडून देण्याची सवय लावा.

कान: अर्धी निगा इथेच

कॉकरच्या कानाची पाळी जड, लांब आणि केसाळ असते. ती कानाच्या भोकावर झाकणासारखी पडते. कुत्र्याची कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे ओल सहज बाहेर येत नाही. त्यात आपली हवा. जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे-कल्याण पट्ट्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे हा बंद कान कसा वाळणार? यीस्ट आणि जंतू वाढतात. कुत्रा डोकं झटकतो, मान वाकडी करतो, कान जमिनीवर घासतो. आत तपकिरी मळ दिसतो आणि आंबूस वास येतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर नळी जाड होत जाते आणि शेवटी शस्त्रक्रियेवर येतं.

आठवड्यातून एकदा दोन्ही कान उलटून वास घ्या. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी घ्या. डॉक्टरांनी दिलेलं इअर क्लीनर आत सोडून कानाच्या बुंध्याला हलकं चोळा, कुत्र्याला डोकं झटकू द्या आणि दिसतो तेवढाच भाग कापसाने पुसा. इअरबड आत घालू नका. आंघोळीच्या वेळी कानात कापूस ठेवा आणि नंतर आठवणीने काढा. पाळीच्या आतल्या बाजूचे केस ग्रूमरकडून बारीक करून घ्या म्हणजे हवा खेळती राहते. पाण्याचं भांडं उंच आणि अरुंद तोंडाचं ठेवा, कान बाहेर राहतात.

आपल्या घरांतली एक सवय इथे महाग पडते: कानात कोमट तेल. लसूण घालून कढवलेलं तर मुळीच नको. तेलाने ओल कोंडते, आणि पडदा फाटलेला असेल तर इजा आणखी खोल जाते.

केस आणि उन्हाळा

रोज दहा मिनिटं विंचरणं एवढाच केसांचा मंत्र. काखेत, कानामागे आणि मागच्या पायांवर जटा लवकर होतात. एप्रिल-मेमध्ये कल्याण-डोंबिवलीत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा अनेक जण कॉकरचा चमनगोटा करून आणतात. तसं करू नका. पाठीवरचे केस उन्हापासून कातडीचं रक्षण करतात आणि वस्तऱ्याने काढले की पुष्कळदा विरळ, राठ उगवतात. पोट, पंजे आणि कानांखाली कातर लावली तरी पुरे.

फिरणं सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही भाजतील. देखभालीसाठी वीज जाणार असा महावितरणचा निरोप आला असेल त्या दिवशी कुत्र्याला बंद घरात एकटं ठेवू नका. धाप थांबत नसेल, लाळ गळत असेल, हिरड्या लालबुंद झाल्या असतील, चाल लटपटत असेल तर तो उष्माघात आहे. साध्या पाण्याने अंग ओलं करा, पंख्याचा वारा द्या आणि लगेच निघा. बर्फाचं पाणी नको.

गोचीड, पावसाळा, लसी

गोचीड हा आपल्या भागातला बाराही महिन्यांचा शत्रू आहे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांत, पडद्यांच्या घड्यांत अंडी घालते. तिच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बबेसियाचे जंतू शिरतात, त्यालाच आपण गोचीड ताप म्हणतो. खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या झाल्या, नाकातून रक्त आलं तर रक्ततपासणीला उशीर करू नका. कॉकरच्या दाट केसांत गोचीड दिसत नाही, म्हणून फिरून आल्यावर कानांच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवायचा. वजनाप्रमाणे दिलेली गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध ठरल्या तारखेला द्यायचं. रॉकेल लावणं हा उपाय नाही, त्याने कातडी सोलवटते आणि चाटल्यावर विषबाधा होते.

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टो हा शब्द इथल्या प्रत्येक घराला कळला. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेल्या या जंतूंची लागण कुत्र्यालाही होते आणि त्याच्याकडून माणसाला होऊ शकते. डबक्यांतून नेऊ नका, घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि लेप्टोची लस दरवर्षी द्या.

पार्व्हो, डिस्टेम्परची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर उतरवू नका, पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन फडके रोडची गर्दी, रिक्षांचे हॉर्न, ढोलाचा दुरून येणारा आवाज दाखवा-ऐकवा. या वयात पाहिलेल्या गोष्टींची पुढे भीती राहत नाही, आणि गणपती-दिवाळीला त्याचा उपयोग होतो.

जेवण

दूध-पोळी हे कुत्र्याचं जेवण, अशी आपल्याकडे पिढीजात समजूत आहे. कॉकरला त्यातून पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत, दुधाने अनेकांना जुलाब होतात आणि पोळीने वजन वाढतं. मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा, मोजून द्या. घरचं द्यायचं असेल तर मिठाशिवाय शिजवलेलं चिकन किंवा अंडी, थोडा भात, दुधी, भोपळा, गाजर. प्रमाण आणि कॅल्शियम डॉक्टरांकडून ठरवून. मांसाहार न करणाऱ्या घराने तयार खाद्याचा विचार करावा. कॉकर भुकेचं नाटक उत्तम करतो. बरगड्या हाताला लागत नसतील तर शेजारच्या काकूंची ग्लुकोज बिस्किटं प्रेमाने बंद करा.

बेदाणे आणि द्राक्षं मूत्रपिंडं निकामी करू शकतात, म्हणून लाडू-शिऱ्याची ताटं खाली ठेवू नका. कांदा, लसूण, चॉकलेट आणि साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉल हेही विषच. माणसांची तापाची किंवा अंगदुखीची गोळी मनाने देऊ नका.

सोसायटी, परवाना, रात्रीचा दवाखाना

केंद्रीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. विष्ठा उचलणं आणि पट्ट्याशिवाय न सोडणं ही आपली बाजू. महापालिकेचा परवाना रेबीजच्या दाखल्यासह काढा. गुंतागुंतीच्या आजारासाठी परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहेच, २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही सुरू झालं. पण रात्री दोन वाजता तिथवर नेणारं वाहन कोणतं आणि जवळ उघडा असणारा डॉक्टर कोण, हे पिल्लू घरी येण्याआधी ठरलेलं हवं.

मोठा झालेला कॉकरही पाहा

कॉकर बारा ते पंधरा वर्षं जगतो. दोन-तीन वर्षांत हौस फिटली, बदली झाली, बाळ झालं म्हणून सोडून दिलेले कॉकर प्राणिमित्रांकडे येत असतात. बहुतेकांना कानाचं दुखणं असतं आणि ते बरं होण्यासारखं असतं. अशा कुत्र्याचा आकार, आवाज, स्वभाव समोर दिसतो आणि पिल्लूपणाची नासधूसही मागे पडलेली असते. घरात आजी-आजोबा असतील, फ्लॅट लहान असेल आणि पहिलंच कुत्रं असेल, तर चार वर्षांचा कॉकर पिल्लापेक्षा अधिक योग्य ठरतो. पैसे भरून पिल्लू बुक करण्याआधी ठाणे-कल्याण भागातल्या दोन-तीन प्राणिमित्र गटांना एकदा नक्की विचारा.