आटपाडीचा पोलिश पाहुणा

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर खुल्या कारागृहाचं नाव अनेकांना ठाऊक असतं, मॉरिस फ्रीडमन मात्र फारसे कुणाला ठाऊक नसतात.

वॉर्सातल्या ज्यू घरात 1901 मध्ये जन्मलेला हा इंजिनिअर बंगळुरात कारखाना सांभाळायला आला आणि भगवी वस्त्रं घालून भारतानंद झाला. गांधीजींच्या सूतकताईसाठी त्यानं धनुष तकली घडवली. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्यानं 1939 मध्ये स्वतंत्रपूर उभं राहिलं, त्यामागे फ्रीडमनच होते. तिथं भिंती नाहीत. कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा हीच, आणि तो लिहिणारे गदिमा याच तालुक्यातल्या शेटफळ्याचे!

पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं त्यांनीच इंग्रजीत नेली. त्या अनुवादाचं पुस्तक 1973 मध्ये आलं आणि जगभर वाचलं गेलं.