माती वेगळी, तरी मातीच

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्या मुलांना कधी ना कधी ऐकावा लागतो. सिरॅमिक कलावंत हलीमा कॅसेल यांचा जन्म काश्मीरमधला, वाढ इंग्लंडच्या लँकेशायरमधली. त्यांनी उत्तर मातीत शोधले. ‘व्हर्च्यूज ऑफ युनिटी’ या मांडणीसाठी त्या देशोदेशींची माती मिळवतात. प्रत्येक मातीचे एक पात्र घडवायचे आणि त्यावर खोल नक्षी कोरायची. कोणतीही नक्षी दुसरीसारखी नाही. इस्लामी वास्तुकलेतल्या भौमितिक रचना त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा भेटतात. २०१९ मध्ये मँचेस्टर आर्ट गॅलरीत त्यांच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरले होते.

कुंभाराला ठाऊक असते, प्रत्येक माती भट्टीत सारखी वागत नाही. एखादी जास्त आक्रसते, एखादीला कमी आच पुरते; एक लाल होते, दुसरी पांढरी राहते. सगळ्या एकाच आचेवर भाजण्याचा हट्ट धरला, तर काही कच्च्या राहतात, काही वितळून बसतात.

सूरह रहमानमध्ये माणूस खणखणत्या मातीपासून घडवल्याचे सांगितले आहे. मग मातीच्या रंगावरून आपले-परके ठरवणारे आपण कोण? संग्रहालयात मुलांना मडक्यांच्या कपाटापाशी थांबवा आणि सांगा: गावे वेगळी, पण मूळ मातीचेच.