समजून घ्या : बायकांच्या बायबल अभ्यासात नेमकं घडतं काय? १८९३चा वाद, केडगावचं ‘मुक्ती’ आणि सरवा वेचणारी रूथ

लोहारा तालुक्यात दुपारची कामं आटोपली की चार बायका एकत्र बसतात, यात नवं काही नाही. कुठे हरिपाठ, कुठे पोथीचं पारायण, तर कुठे बचत गटाची बैठक. मराठी ख्रिस्ती कुटुंबांमध्ये अशाच एका बैठकीला ‘बायबल अभ्यास’ म्हणतात. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी किंवा चर्चच्या खोलीत बायका जमतात. एखादं गीत होतं, पवित्र शास्त्रातला एक भाग वाचला जातो, त्यावर बोलणं होतं आणि शेवटी चहा.

बैठक वरवर साधी वाटते. मात्र खोलीत बसून बायबल वाचणाऱ्या बायकांवरून १८९३ मध्ये पुण्यात इतका मोठा वाद पेटला होता की न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनाही बाजूला व्हावं लागलं. पुढे केडगावात अशाच सामूहिक वाचनातून हजारो निराधार स्त्रियांना अक्षर मिळालं आणि मराठीला एक संपूर्ण बायबलही मिळालं. ही बैठक चालते कशी, तिथे बायकांना काय मिळतं आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेऊया.

बैठकीत होतं काय?

चर्चच्या पंथानुसार पद्धत थोडीफार बदलते, पण साधारण क्रम सारखाच असतो. सुरुवातीला ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहातलं गीत आणि छोटी प्रार्थना होते. मग ठरलेला अध्याय पाळीपाळीने वाचला जातो. एकीने दोन-तीन वचनं वाचायची, मग पुस्तक किंवा मोबाइल पुढच्या बाईकडे द्यायचा. जिला वाचता येत नाही, ती ऐकते आणि चर्चेत भाग घेते.

वाचून झाल्यावर साधारण तीन प्रश्न विचारले जातात : इथे काय घडलं? यातून काय कळतं? आणि माझ्या घरात, माझ्या आठवड्यात याचा काय उपयोग? तिसऱ्या प्रश्नापाशी बैठकीचा रंग बदलतो. सासूचं आजारपण, मुलाची नोकरी, नवऱ्याचं व्यसन, थकलेलं कर्ज असे विषय निघतात. हे ‘प्रार्थनेचे विषय’ म्हणून मांडले जातात आणि बाकीच्या बायका त्यासाठी प्रार्थना करतात. पुढच्या आठवड्यात कुणीतरी हमखास विचारतं, ‘त्या कामाचं काय झालं?’

मराठी मंडळीत यासाठी दोन शब्द रुळले आहेत : ‘सहभागिता’ आणि ‘उत्तेजन’. सहभागितेच्या मागे ‘कोइनोनिया’ हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ एकत्र वाटून घेणं, मग ते जेवण असो, पैसा असो की दुःख. उत्तेजनाच्या मागचा ग्रीक शब्द ‘पाराक्लेसिस’. कुणाला तरी जवळ बोलावून धीर देणं, असा त्याचा भाव आहे. नुसती शाबासकी त्यात बसत नाही. खचलेल्या माणसाजवळ जाऊन बसणं त्यात येतं.

रूथची गोष्ट मराठवाड्यात लगेच का कळते?

बायकांच्या बैठकीत हमखास निवडलं जाणारं पुस्तक म्हणजे ‘रूथ’. जुन्या करारातलं हे अवघ्या चार अध्यायांचं पुस्तक. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशात जाते. तिथे आधी नवरा आणि नंतर दोन्ही मुलं मरतात. नामी गावाकडे परत निघते, तेव्हा तिची विधवा सून रूथ तिला सोडायला तयार होत नाही.

गावी परतल्यावर पोट कसं भरायचं? रूथ दुसऱ्याच्या शेतात सातूची कापणी चालू असताना मागे राहिलेली कणसं वेचते. आपल्याकडे याला ‘सरवा वेचणं’ म्हणतात. शेताच्या कडेचं पीक पूर्ण कापू नये आणि पडलेली कणसं गरिबांसाठी, परक्यांसाठी ठेवावीत, असा नियम बायबलच्या ‘लेवीय’ या पुस्तकात आहे. ज्वारीच्या रानात सरवा वेचलेल्या बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

या गोष्टीतला एक तपशील मात्र पटकन लक्षात येत नाही. पहिल्या अध्यायात नामी गावात येते, तेव्हा तिच्याभोवती गावातल्या बायका जमतात. ती त्यांना सांगते की मला आता नामी म्हणू नका, ‘मारा’ म्हणा. मारा म्हणजे कडू. शेवटच्या अध्यायात रूथला मुलगा होतो, तेव्हा पुन्हा त्याच गावच्या बायका येतात, नामीचं अभिनंदन करतात आणि बाळाला नावही त्याच देतात. म्हणजे दुःखात आणि आनंदात तिला घेरून उभी आहे ती बायकांचीच मंडळी. दुष्काळ, स्थलांतर आणि शेतकरी आत्महत्यांमुळे मागे राहिलेल्या विधवा, हे सगळं धाराशिव जिल्ह्याने जवळून पाहिलं आहे. त्यामुळे या चार अध्यायांवर इथे बोलणं लवकर संपत नाही.

१८९३ : उघड्या दाराचा वाद

आता थोडं मागे जाऊ. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केलं. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण देण्यासाठी ही शाळा होती. पुढच्याच वर्षी ती पुण्यात आली. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. तरीही शाळेत कुणालाही धर्म शिकवायचा नाही, ज्या त्या मुलीने आपापला धर्म पाळावा, असं ठरलं होतं. खर्च अमेरिकेतल्या बोस्टनच्या ‘रमाबाई असोसिएशन’कडून येत होता आणि स्थानिक सल्लागार मंडळात महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशी मंडळी होती.

रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमासोबत बायबल वाचत आणि प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली स्वतःहून येऊन बसू लागल्या. ही बातमी बाहेर गेली आणि वाद पेटला. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. दार उघडं ठेवणं हेच आमिष आहे, असं टीकाकारांचं म्हणणं होतं. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून का घ्यावं, असा रमाबाईंचा सवाल होता. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने अंग काढून घेतलं आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या.

या वादाची दुसरी बाजूही पाहायला हवी. शारदा सदनात दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई. त्यांनी धर्म बदलला नाही. मार्च १८९३ मध्ये त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. त्याच छपराखाली काही मुली ख्रिस्ती झाल्या, काही झाल्या नाहीत. मात्र शिकल्या दोघीही.

केडगाव : दुष्काळातून उभी राहिलेली बैठक

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो विधवा आणि मुलींना आणलं. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर, दौंड तालुक्यातल्या केडगावात त्यांनी जमीन घेतली होती. तिथे ‘मुक्ती’ उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या स्त्रिया आणि मुलींची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. रमाबाईंचे स्वतःचे आई-वडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळातच गेले होते. त्यामुळे उपासमार म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

इथे एकत्र वाचणं हा रोजच्या कामाचाच भाग होता. शेती, विणकाम, तेलघाणा, स्वयंपाक आणि छापखाना ही कामं बायकाच करत. १९०१ च्या जनगणनेत देशातल्या साक्षर स्त्रियांचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं. अशा काळात केडगावच्या बायका खिळे जुळवून पानं छापत होत्या. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवायला सुरुवात केली.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण बसेल, असं विचारलं. सुरुवातीला ७० जणी पुढे आल्या. काही महिन्यांत ही संख्या ५५० झाली आणि बैठक दिवसातून दोनदा भरू लागली. सोबत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी हे नोंदवून ठेवलं आहे. जून १९०५ च्या अखेरीस तिथे जे धार्मिक ‘संजीवन’ झालं, त्याची चर्चा पुढे जगभरातल्या चर्चमध्ये झाली.

बायबलची भाषा का बदलावी लागली?

बैठकीत वाचलेलं कळलं नाही, तर चर्चा होणार कशी? रमाबाईंना नेमका हाच प्रश्न पडला. त्या काळचं मराठी बायबल संस्कृतप्रचुर होतं. खेड्यातून आलेल्या बायकांना ते जड जाई. रमाबाई संस्कृतच्या पंडिता होत्या. १८७८ मध्ये कोलकात्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या होत्या. तरीही त्यांनी संस्कृत शब्द बाजूला ठेवून साध्या मराठीत नवं भाषांतर करायचं ठरवलं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या.

आयुष्याची शेवटची दीड दशकांहून अधिक वर्षं या कामात गेली. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचं निधन झालं, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं, तेही मुक्तीच्याच छापखान्यातून. एकट्या स्त्रीने मूळ भाषांमधून संपूर्ण बायबल भाषांतरित केल्याची उदाहरणं जगात मोजकीच आहेत. अमेरिकेतल्या ज्युलिया स्मिथ यांचं इंग्रजी भाषांतर १८७६ मध्ये आलं होतं.

याच काळात अहमदनगर परिसरात लक्ष्मीबाई टिळकांचा प्रवास सुरू होता. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. लिहा-वाचायला घरीच शिकल्या. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा काही वर्षं दोघे वेगळे राहिले. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः निर्णय घेतला. पुढे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं आणि पतीचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केलं.

आज ही मंडळं कुठे जोडलेली आहेत?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे १ टक्क्याच्या आत आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावात मंडळी लहान असते आणि बायकांची बैठक त्याहून लहान. तरी ती एकटी नसते. दरवर्षी मार्चच्या पहिल्या शुक्रवारी ‘जागतिक प्रार्थना दिन’ पाळला जातो. दर वर्षी एका देशातल्या स्त्रिया त्याची उपासना तयार करतात आणि जगभरातल्या स्त्रिया ती वापरतात. २०२५ मध्ये ती कुक आयलंड्सच्या स्त्रियांनी लिहिली होती.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या कलम २५ नुसार प्रत्येकाला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे. १९७७ मध्ये ‘रेव्हरंड स्टेनिस्लॉस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. सोप्या शब्दांत, एकत्र बसून वाचणं आणि प्रार्थना करणं हा हक्क आहे, जबरदस्ती किंवा फसवणूक हा नाही. १८९३ मध्ये उघड्या दारावरून जो प्रश्न विचारला गेला, तोच आजही वेगळ्या भाषेत विचारला जातो.

मर्यादा कोणत्या?

बैठकीचा आधार मोठा असला, तरी ती सगळ्यावरचा उपाय नाही. काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात :

- विश्वास : बैठकीत सांगितलेलं बाहेर गेलं, तर ती बाई पुन्हा तोंड उघडत नाही. छोट्या गावात हा धोका जास्त.
- हिंसा : मारहाण सहन करणाऱ्या बाईला फक्त ‘प्रार्थना कर, धीर धर’ सांगणं पुरेसं नाही. महिला हेल्पलाइन १८१ आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिच्यासाठीच आहे.
- मानसिक आजार : झोप उडणं, जगणं नकोसं वाटणं अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे जायला हवं. ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.
- दडपण : ‘विश्वास कमी पडला म्हणून दुःख आलं’ असं ऐकावं लागलं, तर खचलेली बाई आणखी खचते. उत्तेजनाचा अर्थच तिथे हरवतो.

बाईने बाईला धीर देण्याची ताकद आता वैद्यकशास्त्रही मान्य करतं. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी आजीबाईंना प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. ‘फ्रेंडशिप बेंच’ नावाच्या या उपक्रमाचा नैराश्य कमी करण्यात उपयोग होत असल्याचं २०१६ च्या वैद्यकीय चाचणीत दिसलं.

लोहाऱ्याला हे नवं नाही

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आज लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूरही जमीनदोस्त झालं. पुनर्वसनात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून पुढे आणलं गेलं. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेने त्यात मोठं काम केलं. घर कसं बांधायचं, अनुदान कुठे अडलंय, हे बोलायला बायका जमल्या. त्याच गटांमधून पुढे बचत आणि छोटे व्यवसाय उभे राहिले.

त्या बैठकीत बायबल नव्हतं आणि केडगावच्या बैठकीत अनुदानाचा अर्ज नव्हता. पण सगळं गमावलेल्या बाईला दोन्हीकडे आधी एकच गोष्ट मिळाली : बसायला जागा आणि ‘तुझं काय चाललंय?’ असं विचारणारी दुसरी बाई.