भूमितींतला मजूर

यंत्रयुगानें मजुराची मूर्ति कशी पालटली, हें पाहावयाचें असल्यास दोन महायुद्धांच्या दरम्यानची युरोपीय चित्रकला पाहावी. फ्रेंच चित्रकार फेर्नां लेजे हा पहिल्या महायुद्धांत आघाडीवर होता. तेथें तोफेच्या धातूची झळाळी त्याच्या दृष्टींत ठसली. १९२० सालच्या त्याच्या ‘यंत्रकामगार’ या चित्रांत मनुष्याचे हात नळकांड्यांसारखे गोल व गुळगुळीत आहेत. छाती समोर आणि मुख बाजूस, ही ठेवण प्राचीन इजिप्तमधील भित्तिचित्रांची. तथापि मिशी, बोटांतील अंगठी व दंडावरील गोंदण यांवरून तो कोणी एक मनुष्य आहे, हें कळतें.

जर्मनींतील फ्रांझ सायवर्ट व गेर्ड आर्न्ट्झ यांनीं मजुराचें तें निराळेपणही पुसून टाकिलें. त्यांत तुच्छता नव्हती. उलट, ते मजुरांचेच पक्षपाती होते. एका व्यक्तीचें नव्हे, तर सबंध वर्गाचें जिणें त्यांस दाखवावयाचें होतें. पुढें आर्न्ट्झनें व्हिएन्ना येथील ऑटो नॉयराथ यांच्या आंकडेवारीच्या चित्रपटांसाठीं सुमारें ४००० चिन्हें रेखाटलीं. एक आकृति म्हणजे अमुक हजार माणसें. संख्या वाढली कीं आकृति मोठी न करतां अधिक आकृत्या मांडावयाच्या. बेकार किती, हें निरक्षरासही एका दृष्टिक्षेपांत कळावें, हा हेतु.

‘हें माणसाचें बाहुलें करणें होय,’ असें पुष्कळांस वाटेल. परंतु भूमिति आपल्या शिल्पशास्त्रासही परकी नाहीं. तालमानानुसार मूर्तीचें सर्व अंग मोजून घडवावयाचें असतें. मात्र ताल म्हणजे मुखाची लांबी. माप मोजतें तें मुखच! भेद आहे तो येथें.

या दृष्टीनें मुंबईच्या फोर्ट भागांतील न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत अवश्य पाहावी. १९३६ च्या सुमारास मास्टर, साठे आणि भूता या वास्तुतज्ज्ञांनीं ती उभारली. तीवरील शिल्पें ना. ग. पानसरे यांचीं. शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या स्त्रिया यांचीं अंगें तेथें सरळ, ठाशीव रेषांत बसविलीं आहेत; पण मुखें राखलीं आहेत. देवळाच्या भिंतीवर जेथें देवगण असावयाचे, तेथें कष्टकरी आले.

आपणां वऱ्हाडकरांचा या प्रश्नाशीं निकटचा संबंध आहे. अकोला-अमरावतीकडील जिनांत सरकी काढलेल्या रुईच्या गांठी मुंबईच्या गिरण्यांस जात. १९८२ च्या जानेवारींत तेथील सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढें बहुतेक गिरण्या बंद पडल्या. त्यांविषयीं बोलतांना आपणही आर्न्ट्झचीच भाषा योजतों. तीही आवश्यक आहे, कारण मोजल्यावांचून अन्यायाचा विस्तार कळत नाहीं. मात्र त्या अडीच लाखांत कापूस पिंजणारा, साच्यावर उभा राहणारा, घरीं पैसे धाडणारा एकेक मनुष्य होता, याची आठवण राखणें हें पाहणाऱ्याकडे उरतें.