कॉलेजची व्हर्च्युअल टूर आणि चॅटबॉट : मार्कांसाठी केलेल्या प्रोजेक्टमधून पहिला ग्राहक



एप्रिल-मे आला की डिप्लोमा आणि बी.ई.च्या शेवटच्या वर्षाची मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, प्रोजेक्ट तर झाला. मार्कही बरे पडतील. आता याचं पुढे काय?" कसला प्रोजेक्ट म्हणून विचारलं, की हल्ली बऱ्याचदा हेच उत्तर येतं: आमच्याच कॉलेजची व्हर्च्युअल टूर, आणि सोबत प्रवेशाची माहिती देणारा चॅटबॉट.

विषय चांगला आहे. पण यातले बहुतेक प्रोजेक्ट व्हायव्हाच्या दुसऱ्या दिवशी मरतात. काळी बाइंडिंग केलेला रिपोर्ट डिपार्टमेंटच्या कपाटात जातो, फुकटचं होस्टिंग बंद पडतं आणि लिंक उघडेनाशी होते. कारण सरळ आहे. तो प्रोजेक्ट परीक्षकासाठी केलेला असतो. परीक्षक विचारतो, कोणती लायब्ररी वापरली, डेटाबेस कोणता. पुढच्या जूनमध्ये फी बदलली तर बॉटमध्ये ती कोण बदलणार, हे कोणी विचारत नाही. धंदा नेमका त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

व्हिडिओत मी टूर कशी बनते ते स्क्रीनवर दाखवलंय, म्हणून इथे तेवढ्यापुरतं थोडक्यात. 360 अंशांचा कॅमेरा म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन रुंद लेन्स. दोन्हींचे फोटो जोडून एक लांबट फोटो तयार होतो, रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट. तो ब्राउझरमध्ये गोलाच्या आतल्या बाजूला लावला, की बोटाने फिरवून चारी बाजू बघता येतात. एका फोटोतून दुसऱ्यात जायला हॉटस्पॉट लावायचे. पॅनेलम आणि मार्झिपानो ही दोन्ही साधनं मुक्तस्रोत आहेत, त्यांना लायसन्सचा खर्च नाही. कॅमेरा विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. पाच कामं होईपर्यंत तो तुमच्या कपाटात बसून फक्त जुना होईल.

टूर कशी वापरायची हे आता लोकांना शिकवावं लागत नाही, हे लक्षात घ्या. 2022 मध्ये गुगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतात 10 शहरांपासून सुरू झालं. त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं. तालुक्याच्या गावातला बापसुद्धा फोनवर बोट फिरवून रस्ता बघतो.

काय दाखवायचं?

कॉलेजवाल्यांना गेट, पुतळा आणि ऑडिटोरियम दाखवायचं असतं. मुलाच्या आईला हॉस्टेलचं स्वच्छतागृह बघायचं असतं. मुलाला लॅबमध्ये मशिन किती आणि चालू आहेत का, ते बघायचं असतं. या तिघांपैकी पैसे कॉलेज देतं, पण टूर बघतात दुसरे दोघं. म्हणून प्राचार्यांना पहिल्या बैठकीतच सांगा, की गेटचा एक फोटो, हॉस्टेलचे चार. एसटी स्टँडपासून गेटपर्यंतचा रस्ताही घ्या. मूल पहिल्यांदा एकटं येणार असतं, तेव्हा घरच्यांना त्या रस्त्याचीच काळजी असते.

मुलींच्या हॉस्टेलमध्ये जरा जपून. वॉर्डन मॅडमच्या परवानगीने एखादी रिकामी, नमुन्याची खोली घ्या. मागचं दार, कंपाउंडची पडकी बाजू, सीसीटीव्ही कुठे बसवलेत, यातलं काही फोटोत येता कामा नये. टूर जगभर उघडी असते, फक्त पालकांसाठी नाही.

शूटिंग रविवारी करा असं सगळे सांगतात, म्हणजे चेहरे येत नाहीत. पण रिकामी लॅब बंद पडलेल्या कारखान्यासारखी दिसते. माझं मत असं, की बाहेरचे फोटो रविवारी सकाळी घ्यावेत. लॅब आणि लायब्ररीचे कामाच्या दिवशी, समोरच्या मुलांची आधी लेखी परवानगी घेऊन. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाचएक फुटांवर ठेवा. खोलीला मोठ्या खिडक्या असतील तर कमी-जास्त उजेडाचे दोन-तीन फोटो घेऊन ते एकत्र करा, नाहीतर खिडकी पांढरी फटक आणि बाक काळे येतात.

आणि टूर तपासायची ती लॅबमधल्या कॉम्प्युटरवर नाही. दहा हजारांच्या आतला फोन घ्या, गावात जिथे रेंजच्या दोन काड्या येतात तिथे उभे राहा आणि उघडून बघा. एकेक फोटो पंधरा एमबीचा ठेवला असेल तर तो पालक तिसऱ्या सेकंदाला निघून गेला असं समजा. मोठा फोटो छोट्या तुकड्यांत कापून ठेवण्याची सोय पॅनेलममध्ये आहे. समोर दिसतो तेवढाच भाग आधी लोड होतो. ती वापरा.

चॅटबॉट : इथे खरी जबाबदारी आहे

टूरमध्ये चूक झाली तर एखादी भिंत वाकडी दिसेल. बॉटने चूक केली तर एखाद्या मुलाचं वर्ष जाऊ शकतं. हे मी घाबरवायला सांगत नाही.

कॅनडातलं एक प्रकरण बघा. 2022 मध्ये एक प्रवासी आजीच्या निधनानंतर विमानाचं तिकीट काढत होता. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने त्याला सांगितलं, की आत्ता तिकीट काढा, सवलतीचा अर्ज 90 दिवसांच्या आत नंतर केला तरी चालेल. कंपनीचा खरा नियम तसा नव्हता. प्रवास झाल्यावर सवलत मिळत नव्हती. तक्रार झाली तेव्हा कंपनीने असाही मुद्दा मांडला, की बॉट काय बोलला याची जबाबदारी बॉटची. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. वेबसाइटवरचं साधं पान असो की बॉट, माहिती कंपनीचीच, असा त्याचा अर्थ.

आता हेच कॉलेजला लावा. "नॉन-क्रिमीलेअर अजून आलं नाही, अर्ज केल्याची पावती चालेल का?" कॅप राउंडच्या दिवसांत हा प्रश्न खिडकीवर पुन्हा पुन्हा येतो. त्याचं उत्तर त्या वर्षीच्या नियमांवर आणि सूचनांवर अवलंबून असतं. तुमच्या बॉटने इंटरनेटवरचं जुनं काहीतरी वाचून "हो, चालेल" म्हटलं आणि मूल निवांत राहिलं, तर? फी परत मागता येते. हातची गेलेली सीट परत मागता येत नाही.

म्हणून बॉटची रचना अशी ठेवा. हल्लीच्या भाषा-मॉडेलला प्रश्न समजून घ्यायचं काम द्या, उत्तर रचायचं देऊ नका. मुलं मराठी बोलतात पण टाइप करतात इंग्रजी अक्षरांत, तेही अर्धवट. "फी किती", "फीज सांगा ना", "टोटल किती भरायचे" हे तिन्ही प्रश्न एकच आहेत हे ओळखायला मॉडेल उत्तम. पण ओळखल्यावर जे उत्तर द्यायचं, ते ऑफिसने तपासून दिलेलं, ठरलेल्या शब्दांतलंच असायला हवं. फी, तारखा, कागदपत्रं, आरक्षण आणि शिष्यवृत्ती या पाच गोष्टींत बॉटला स्वतःच्या मनाचं एक वाक्यही बोलू द्यायचं नाही. कॅन्टीनला काय मिळतं यावर बोलू दे हवं तेवढं.

त्यासाठी एक साधी शीट करा. रकाने पाच: प्रश्न, उत्तर, कुठून घेतलं, कोणी तपासलं, आणि कधीपर्यंत चालेल. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. तारीख उलटली की बॉटने ते उत्तर देणं आपोआप बंद करायचं आणि सांगायचं, "ही माहिती सध्या तपासली जात आहे, कृपया प्रवेश कक्षाला फोन करा," खाली कॉलेजचा नंबर. मालक गप्प बस म्हणाला की गप्प बसणारा बॉट हाच चांगला बॉट.

उत्तरं आणायची कुठून? एआयसीटीईची मान्यता असलेल्या कॉलेजला 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाचा दस्तऐवज वेबसाइटवर ठेवावा लागतो. कोर्स, जागा, शिक्षक, फी असं सगळं त्यात असतं. तिथून सुरुवात करा. फीचा आकडा शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या आकड्याशी ताडून घ्या. प्रवेशाच्या नियमांसाठी सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका धरा. सीनियर मुलाने सांगितलं, हा स्रोत नव्हे.

आणि प्रश्न? ते घरी बसून सुचत नाहीत. प्रवेशाच्या खिडकीशेजारी खुर्ची टाकून दोन दिवस बसा आणि आलेला प्रत्येक प्रश्न त्याच शब्दांत वहीत लिहा. मला वाटतं अख्ख्या प्रोजेक्टमधलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि याला कोडची एक ओळ लागत नाही. खिडकीवरच्या क्लार्क काकांना चहा पाजा. वर्षानुवर्षांचा डेटाबेस त्यांच्या डोक्यात आहे. शिवाय बॉटमुळे आपली नोकरी जाईल असं त्यांना वाटलं, तर तुमचं काम ऑफिसातून पुढे सरकणार नाही. त्यांना आधीच सांगा, की रोज शंभर वेळा "फी किती" सांगायचा त्रास कमी होईल, अवघड प्रश्न तुमच्याकडेच येतील. ते खरंही आहे.

मोबाइल नंबर मागू नका

बऱ्याच कॉलेजना बॉट हवा असतो तो खरं तर 'लीड'साठी. बॉट उघडताच आधी नाव आणि मोबाइल नंबर, मग उत्तर. इथे थांबा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या व्यक्तीला बालक मानतो, आणि बालकाचा डेटा वापरायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. कायद्यातला कमाल दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे. दहावीनंतर डिप्लोमाला येणारं मूल 15-16 वर्षांचं असतं. तेव्हा नंबर घेऊ नका, नंबर द्या. ज्याला गरज आहे तो बटण दाबून कॉलेजला फोन करेल. असा आलेला एक फोन न विचारता गोळा केलेल्या शंभर नंबरांपेक्षा कामाचा असतो, हे कॉलेजला पटवून सांगा.

आता पैशाचं बोलू

आकडे समजून घेण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला. समजा दोघांची टीम आहे. शूटिंग 2 दिवस, फोटोंची जोडणी आणि टूर 3, प्रश्नोत्तरं गोळा करून तपासून घेणं 4, बॉट 4, चाचणी 3. असे 16 दिवस, दोघांचे मिळून 32. माणशी दिवसाला 800 रुपये धरले तर 25,600. कॅमेऱ्याचं भाडं आणि प्रवास 4,000, डोमेन-होस्टिंग 4,000. झाले 33,600. कोटेशन 45,000 चं द्या. "विद्यार्थी आहोत, पाच हजार द्या सर" असं म्हणू नका. पाच हजारांत केलेलं काम पुढच्या वर्षी सांभाळायला तुम्हीच उरणार नाही.

पण खरी कमाई त्या 45,000 मध्ये नाही. देखभालीचा करार करा: महिन्याला 2,000, आणि प्रवेशाच्या तीन महिन्यांत 4,000. वर्षाचे 30,000 झाले. अशी पाच कॉलेजं धरली तर नवीन काम न घेताही वर्षाला दीड लाख. बदल्यात तुम्ही काय देता? शीटमधली प्रत्येक तारीख उलटायच्या आधी ऑफिसकडून नवीन उत्तर घेऊन भरणं, बॉटला न कळलेले प्रश्न दर आठवड्याला वाचणं आणि होस्टिंग चालू ठेवणं. कॉलेज वेबसाइट बनवून घेतं आणि विसरतं. तुम्ही विसरत नाही, याचे पैसे घेता.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. कॉलेज टीडीएस कापू शकतं, तेव्हा पॅन द्या आणि रिटर्न भरा, म्हणजे कापलेलं परत मागता येईल.

एक गोष्ट मात्र पटकन सोडून देता येत नाही. प्रोजेक्ट कॉलेजमध्ये, गाइड सरांच्या हाताखाली, कॉलेजच्या लॅबमध्ये केलेला असतो. मग कोड कोणाचा? काही संस्थांचं याबाबत लेखी धोरण असतं, काहींचं नसतं. दुसऱ्या कॉलेजकडे जाण्याआधी एका पानावर लिहून घ्या: फोटो आणि माहिती कॉलेजची, कोड विद्यार्थ्यांचा आणि तो इतरत्र वापरायची मुभा. त्यावर प्राचार्यांची सही, गाइडची सही. प्रोजेक्टच्या चार मुलांपैकी दोघंच धंद्यात येणार असतील तर उरलेल्या दोघांचीही सही. हा कागद व्हायव्हाच्या आधी, सगळे खूश असताना करायचा. पहिला चेक आल्यावर तो होत नाही.

दुसरं कॉलेज शोधताना शहरातल्या मोठ्या संस्थांच्या दारात उभे राहू नका, त्यांच्याकडे एजन्सी असतात. तालुक्याच्या ठिकाणचं, जागा पुऱ्या भरत नसलेलं, पण लॅब आणि शिक्षक खरोखर चांगले असलेलं कॉलेज बघा. त्यांचं दुखणं एवढंच, की लांबच्या पालकांना ते दिसत नाही. मंगल कार्यालय, कृषी पर्यटन केंद्र, अभ्यासिका हे ग्राहकही याच कामात बसतात, पण ते दुसऱ्या वर्षी.

भेटीला जाताना पीपीटी नेऊ नका. फोनवर आपल्या कॉलेजची टूर उघडा आणि फोन प्राचार्यांच्या हातात द्या. मग बॉट उघडून म्हणा, "सर, तुम्हाला पालक विचारतात तो सगळ्यात अवघड प्रश्न टाइप करा." बॉटला उत्तर माहीत नसेल तर तो तसं सांगेल आणि प्रवेश कक्षाचा नंबर देईल. तेव्हा गडबडून जाऊ नका. तोच प्रश्न त्यांच्यासमोर वहीत लिहून घ्या आणि विचारा, "याचं उत्तर तुमच्याकडे कोण तपासून देईल?" ते ज्यांचं नाव सांगतील, त्यांना तिथूनच भेटून या.