ईदचा गोडवा आणि मुलांचे दात

ईदला शीरखुर्म्याचा डबा शेजारी जायचा आणि पाडव्याला शेजारून मुलांसाठी साखरेची गाठी यायची, ही पालीसारख्या गावातली ओळखीची देवाणघेवाण. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, ३० मार्चला गुढीपाडवा झाला आणि ३१ मार्चला ईद. यंदाही दोन्ही सण खेटूनच आहेत. बल्लाळेश्वराच्या प्रसादाचे पेढे तर आपल्याकडे बारमाही. त्यामुळे या दिवसांत घर कुणाचेही असो, मुलांचे तोंड सारखे गोड असते. सण सरले की दाढदुखीची रात्र येते, आणि त्या दुखण्याला जातधर्म नसतो.

फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. शीरखुर्म्याच्या नावात साखर कुठेच नाही. ती आपण आपल्या हाताने घालतो. म्हणजे कमी करणेही आपल्याच हाती आहे. खजूर भरपूर घातला तर निम्म्या साखरेतही चव जात नाही.

दात किडतात कसे, हे समजले की उपाय आपोआप सुचतो. दातांवर जंतूंचा पातळ थर असतो. साखर मिळाली की हे जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात आणि ते दाताचे वरचे कवच झिजवू लागते. लाळ ते आम्ल हळूहळू निवळते, पण त्याला साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्यात मुलाने आणखी एक पेढा तोंडात टाकला, की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून गोड किती खाल्ले, याइतकेच ते किती वेळा खाल्ले, हेही महत्त्वाचे.

स्वीडनमधील विपेहोम येथे १९४५ ते १९५३ या काळात झालेल्या प्रयोगांतून हेच दिसले. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने फारसे बिघडले नाही. मधल्या वेळेत खाल्लेल्या चिकट टॉफीने मात्र दातांची वाट लागली. हे प्रयोग बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीशिवाय झाले, म्हणून त्यांच्यावर आजही टीका होते.

रमजानमध्ये एक वेगळी अडचण असते. घराचे खाणे रात्रीवर जाते. लहान मुले रोजा धरत नाहीत, पण इफ्तारला आणि सहरीला मोठ्यांबरोबर बसतात. दिवसाचे खाणे चालू असतेच. सरबत, फालुदा, मग गोड दूध पिऊन झोप. झोपेत लाळ कमी होते आणि दातांचा पहारेकरीच गैरहजर राहतो.

‘दुधाचे दात पडणारच आहेत’, असे अनेक घरांत म्हणतात. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात आणि पक्क्या दातांची जागा त्याच राखतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून पालक तिला दुधाची समजतात. ती गेली की पुन्हा येत नाही.

इस्लाममध्ये तोंडाच्या स्वच्छतेला मोठे महत्त्व आहे. पैगंबरसाहेबांनी मिसवाकचा, म्हणजे दात घासण्याच्या काडीचा, आग्रह धरला. ही काडी बहुधा पिलूच्या झाडाची असते. कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई पंथाचे. त्या मतानुसार रोजा असताना दुपारनंतर मिसवाक टाळणे पसंत केले जाते. मग सहरीनंतर, फजरच्या अजानआधी ब्रश करावा आणि रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा. मुलांसाठी फ्लोराइडची पेस्ट हवीच: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवावा.

बाकी नियम साधे आहेत. गोड जेवणाबरोबर द्या, दिवसभर नको. खजूर खाल्ल्यावर पाणी प्यायला लावा, कारण तो दातांना चिकटतो. रात्री ब्रश झाल्यावर फक्त पाणी. गाठी मुलाच्या गळ्यात दिवसभर राहू देऊ नका. तुकडा तोडून जेवणानंतर द्या. ईदी चॉकलेटऐवजी पैशांत किंवा पुस्तकात द्या.

दातावर काळा-तपकिरी डाग दिसला तर दुखण्याची वाट पाहू नका. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतील मुलांच्या तपासणीत दातही पाहिले जातात. पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि चिठ्ठी मिळाली तर दवाखाना गाठा.

भारतातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढले, आणि त्याचा खर्च त्यांनी स्वतःच्या आइस्क्रीम-सोड्याच्या दुकानातून उभा केला. तेव्हा गोडाशी वैर नको. या ईदला शीरखुर्म्याची वाटी भरून द्या, आणि रात्री त्याच मुलाच्या हातात ब्रशही द्या.

सर्वांना ईद आणि पाडव्याच्या शुभेच्छा.