‘पीएसए’ वाढला म्हणजे कर्करोगच का?

पन्नाशी उलटलेल्या पुरुषांच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये हल्ली साखर, कोलेस्टेरॉलच्या जोडीला ‘पीएसए’ नावाची रक्ततपासणी असते. ती का केली, हे बहुतेकांना ठाऊक नसते. रिपोर्टमध्ये आकडा ४च्या पुढे, ठळक अक्षरांत छापून आला की घरात घबराट उडते. दुसरीकडे, रात्री चार-चार वेळा लघवीला उठूनही ‘वयाप्रमाणे व्हायचंच’ म्हणत वर्षानुवर्षे डॉक्टरांकडे न जाणारे पुरुषही घरोघरी आहेत. भीती आणि टाळाटाळ या दोन्हींपेक्षा थोडी माहिती जास्त उपयोगी पडते.

त्रास आणि कर्करोग

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असते. वीर्यातील काही द्रव ती तयार करते. वय वाढते तशी ती मोठी होते, मूत्रमार्गावर दाब येतो आणि लघवीची धार बारीक होते. ही वाढ बहुतेक वेळा साधी असते आणि तिचे कर्करोगात रूपांतर होत नाही. याउलट, कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीला लघवीचा काहीच त्रास होत नाही. म्हणजेच त्रास आहे म्हणून कर्करोग असेलच असे नाही आणि त्रास नाही म्हणून तो नसेलच, असेही नाही.

आकडा का वाढतो?

पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारे प्रथिन आहे. त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. कर्करोगात तो वाढतो, पण ग्रंथीची साधी वाढ, लघवीचा जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली लघवीची नळी यांनीही वाढतो. म्हणून संसर्ग बरा झाल्यावर साधारण सहा आठवडे थांबून तपासणी करावी. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध आणि लांब पल्ल्याचे सायकलिंग टाळावे. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधे चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. काही जण केस गळू नयेत म्हणूनही फिनास्टेराइड घेतात. या औषधांनी काही महिन्यांत पीएसए जवळपास निम्मा होतो. अशा वेळी रिपोर्टमधला ३ हा आकडा प्रत्यक्षात ६च्या घरातला असू शकतो.

एकदा आकडा वाढलेला दिसला, तर पहिले पाऊल म्हणजे काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तरीही तो चढाच राहिला तर यूरोलॉजिस्ट बोटाने तपासतात आणि एमआरआय सुचवतात. पूर्वी अशा वेळी थेट बायोप्सी होत असे. आता आधी एमआरआय केल्याने अनेकांची बायोप्सी टळते.

मग सगळ्यांनीच का करू नये?

अमेरिकेत पीएसएला १९८६ मध्ये मान्यता मिळाली ती कर्करोगाच्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला मदत म्हणून वापरण्याची मान्यता १९९४ मधली. सरसकट तपासण्या सुरू झाल्या आणि एक अडचण समोर आली. प्रोस्टेटचे अनेक कर्करोग इतके मंद वाढतात की माणूस त्यांच्यासह पूर्ण आयुष्य जगतो. ते शोधून शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन केले, तर फायदा नगण्य. पण लघवीवरचा ताबा जाणे, लैंगिक दुर्बलता यांसारखे त्रास मात्र मागे लागू शकतात.

युरोपातील आठ देशांत सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांवर झालेल्या चाचणीचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना तपासणीसाठी बोलावले गेले, त्यांच्यात प्रोस्टेट कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. प्रत्यक्षात, ४५६ जणांना बोलावले तेव्हा एक मृत्यू टळला. फायदा खरा आहे, पण तो मोजकाच आहे.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की निदान म्हणजे लगेच ऑपरेशन नव्हे. ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांची तुलना झाली. काहींची शस्त्रक्रिया, काहींना रेडिएशन, तर काहींवर फक्त नियमित देखरेख. १५ वर्षांनी तिन्ही गटांत मिळून या कर्करोगाने दगावलेले होते सुमारे ३ टक्के, आणि गटागटांत फारसा फरक नव्हता. म्हणूनच कमी जोखमीच्या गाठीवर आज अनेकदा ‘लक्ष ठेवणे’ हाच उपचार असतो.

कोणी विचार करावा?

भारताच्या सरकारी कर्करोग तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, प्रोस्टेटचा नाही. त्यामुळे निर्णय ज्याचा त्याने, डॉक्टरांशी बोलून घ्यायचा आहे. सर्वसाधारणपणे ५० ते ५५ वर्षांच्या सुमारास हा विषय काढावा. वडील किंवा भावाला हा आजार झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, अशांनी ४५व्या वर्षीच बोलावे. सत्तरीनंतर, प्रकृती नाजूक असताना सरसकट तपासणीचा लाभ कमी आणि तोटा जास्त.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. माझा धोका किती? आकडा वाढलेला आला तर पुढे काय? आणि कर्करोग निघाला, पण मंद असला, तर उपचाराशिवाय थांबायची माझी तयारी आहे का?

मात्र लघवीतून रक्त येणे, लघवी तुंबणे, कंबर किंवा पाठीच्या हाडात न थांबणारे दुखणे, कारणाशिवाय वजन घटणे ही लक्षणे असतील, तर करू की नको हा विचार नको. विनाविलंब डॉक्टरांकडे जा.

राहिला कुटुंबाचा इतिहास. आपल्याकडे वडिलांच्या आजाराबद्दल मुलांना ‘त्यांना लघवीचा त्रास होता’ एवढेच ठाऊक असते. तो त्रास नेमका कशाचा होता, हे विचारा. आईकडे किंवा वडिलांकडे स्तनाचा, बीजकोशाचा कर्करोग कोणाला होता का, तेही विचारा, कारण काही आनुवंशिक दोष या आजारांना जोडतात. आणि स्वतःला हा आजार झाला असेल तर संकोच सोडून मुलाला आणि भावाला सांगा. त्यांनी तपासणी कधी सुरू करावी, हे त्या एका वाक्यावर ठरते.